मामाचा दिवा

परवा जेवताना माझा नातू कुणा ठेकेदाराबद्दल बोलत होता. दिवाळीच्या आत रस्ता करून देतो, असं त्या माणसानं गावाला सांगितलं होतं. नातू हसत म्हणाला, "त्याच्या बोलण्याचं काय घेऊन बसलात? मामाचा दिवा!"

सगळे हसले. माझा घास हातातच राहिला.

मी विचारलं, "हा मामा कोण रे?"

"कोणास ठाऊक. असंल कुणीतरी खोटारडा."

उमापूरच्या आसपासच्या पाचसहा गावांत हे बोलणं रूढ आहे. ज्या माणसावर विसंबलं तर घात होतो तो मामाचा दिवा. हा मामा कोण, हे आता कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. मी त्या माणसाबरोबर जेवलो आहे, त्याच्या शिव्या खाल्ल्या आहेत. हे बोलणं त्याच्या नावाला चिकटलं ते माझ्यामुळं. माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं आहे आणि आता माझ्याशिवाय खरं सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मामा आमच्या गावचा नव्हता. त्याची बहीण आमच्या गावात दिलेली. ती ऐन विशीत विधवा झाली. पदरात वर्षाचं पोर, आणि औत धरायला घरात पुरुष नाही. तेव्हा हा धर्मापुरीकडून खांद्यावर एक घोंगडी टाकून चालत आला तो परत गेलाच नाही. स्वतः लग्न केलं नाही. बहिणीचा मुलगा किसन त्याला मामा म्हणे, म्हणून आळी म्हणू लागली, मग गाव. माझे वडील गावचे पोलीस पाटील, वयानं त्याच्याहून मोठे, तेही त्याला मामाच म्हणत.

शेती तो बहिणीची करी. पण गावात त्याची ओळख होती ती पेवं उघडणारा म्हणून. आताच्या मुलांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागेल. गावठाणातल्या पांढऱ्या, कोरड्या जमिनीत दोन-अडीच पुरुष खोल खड्डा घेत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र रांजणासारखं मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून वर शेणमाती लिंपायची. दोन-तीन सालं ज्वारी आत राही. निजामाच्या राज्यात आमच्याकडं ना रस्ता ना बाजार, धान्य सांभाळायचं ते जमिनीच्या पोटात.

पेव उघडायचं म्हटलं की मामाला बोलावणं जाई. तो शिळा सरकवी, पालथा पडून तोंडाशी नाक नेई आणि आत हाक मारी, "बाई, उठा. उजाडलं." ज्वारीला तो बाई म्हणे. मग कमरेची सुताची दोरी सोडी. तिच्या टोकाला तारेच्या आकड्यात बसवलेली मातीची पणती असे. ती पेटवून तो हळूहळू आत सोडी आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राही. पणती तळाला जाऊन तेवत राहिली तर म्हणे, "जा आता." मध्येच विझली तर दोरी वर ओढून पेवाच्या तोंडावर बाभळीची काटेरी फांदी टाकी आणि निघून जाई. ती फांदी तिथं असेपर्यंत गावातलं कुणी त्या पेवाकडं फिरकत नसे. घरधन्यानं कितीही आरडाओरडा केला तरी मामा दुसऱ्या सकाळशिवाय हलत नसे.

"कावून थांबायचं मामा?" असं कुणी विचारलं की त्याचं एकच उत्तर असे.

"ज्वारी जित्ती हाय का न्हाई? जित्ती नसती तर पेरल्यावर उगवली असती व्हय? जित्तं हाय ते श्वास घेतंय. दोन सालं दार लावून कोंडलेल्या घरात तू एकदम शिरशील का रं? तिचा उष्टा श्वास खाली बसलेला असतोय, पान्यासारखा. त्यो उठून जाऊ द्यावा."

आम्ही हसायचो. कारण हा माणूस सगळ्याच गोष्टींचा वास घ्यायचा. भाकरी पुढं आली की आधी नाकाशी नेऊन सांगायचा, "ही वरच्या आळीच्या पेवातली. तिसरं साल." आणि ते बरोबर निघायचं. पाहुण्याचं मुंडासं हुंगून तो कुठल्या गावावरून आला ते सांगायचा. बंद घरात कधी सरळ शिरायचा नाही. उंबऱ्यावर थांबून दोनदा नाक ओढायचा, मग आत पाय. एकदा माझ्या चुलत्यांच्या घरी सोयरिकीची बोलणी चालली होती, तिथं उंबऱ्यावर असाच थांबला आणि म्हणाला, "आत भांडन झालंय. मी बाहीरच बसतो." आत खरोखरच झालं होतं.

पण या माणसाला जुनाट समजू नका. ती चूक मी केली, म्हणून सांगतो. गावात काडेपेटी पहिल्यांदा वापरली ती मामानं. चकमक त्यानं त्याच दिवशी ओढ्यात फेकून दिली. वडिलांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा गावातली शहाणी माणसं लांब उभी राहून बघत होती. मामा पुढं झाला, नांगराच्या तासात आडवा पडला, मातीचा वास घेतला आणि म्हणाला, "खालची माती लई सालांनी वर आलीया पाटील. तिला ऊन खाऊ द्या, लगेच पेरू नगा." वडिलांनी ऐकलं. पुढच्या साली आणखी चार नांगर आले. गेवराईला मोटार आली असं ऐकून तो सहा कोस चालत बघायला गेला. परत आल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?"

"लई झ्याक. पर तिच्या मागं नाक लावून बघितलं मुन्शी. तिचा श्वास बी पेवासारखाच हाय. कोंडलेल्या जागी तिला सुरू करू नये कुनी."

मुन्शी म्हणजे मी. मी औरंगाबादेत राहून उर्दू शिकलो होतो. सरकारी कागद सगळा उर्दूत, आणि गावात तो वाचणारा मी एकटा. सुटीत आलो की मामा हाक मारी, "या मुन्शीजी, आज कोनाला फाशी दिली?" किसन माझ्याच वयाचा, माझा लंगोटीयार. तोही मला मुन्शीच म्हणायचा. तिघांत बसून ओढ्याकाठी हुरडा खाल्लेला मला आठवतो. मामा प्रत्येक कणीस हुंगून मगच आरावर ठेवायचा आणि किसन ओरडायचा, "मामा, खायचं हाय, सोयरीक न्हाई करायची!"

एका दिवाळीला मी औरंगाबादेहून बॅटरी आणली. चकचकीत नळी, पुढं भिंगाची काच, बटण दाबलं की उजेड. देवळाच्या ओसरीवर सगळं गाव गोळा झालं. मामा पुढं आला. त्यानं काचेवर तळहात ठेवला. काच गरम लागेना. फुंकर मारली. विझेना. वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद होता. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं दोन घागरी मागवल्या. आपली पणती पेटवून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर एक घागर पालथी घातली. दुसऱ्या घागरीखाली माझी बॅटरी, पेटती. कडेनं दोन्हीकडं ओली माती लिंपली. थोड्या वेळानं आधी पहिली घागर उचलली. पणती विझलेली. दुसरी उचलली. बॅटरीचा उजेड तसाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

मामानं मात्र बॅटरी हातात घेऊन उलटसुलट फिरवून बघितली. मग मला परत देत म्हणाला, "लई गुनाची हाय रं. पर हिला डोळाच हाय, नाक न्हाई."

मी मोठ्यानं हसलो, आणि मी हसलो म्हणून सगळे हसले. पणती का विझली आणि बॅटरी का विझली नाही, याचा अर्थ त्या अंगठेबहाद्दर माणसाला जागच्या जागी कळला. औरंगाबादेत शिकलेल्या मला कळला नाही. ते सगळं माझ्यासमोर उघडं मांडून ठेवलेलं होतं.

त्यानंतर मामाच माझी बॅटरी मागून नेऊ लागला. आधी पणती सोडायचा, ती तेवली की मग बॅटरी सोडून पेवाच्या भिंती न्याहाळायचा. कुठं ओल धरलीय, कुठं उंदराचं बीळ पडलंय, सगळं त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसत होतं. "आधी नाक, मग डोळा," असं म्हणायचा. लोकांनी मात्र एवढंच पाहिलं की पणती कधी विझते, मग दिवसभर खोटी करते, आणि मुन्शीची बॅटरी कधीच विझत नाही. मामा शेतात असताना दोघातिघांनी मलाच बोलावलं. मी बॅटरी सोडली, माणूस उतरला, ज्वारी वर आली. ती पेवं आदल्या दिवसापासून उघडी होती, म्हणून निभावलं. मला वाटलं, बॅटरीनं निभावलं. मामाची ती हाक, ते पुटपुटणं, ती काटेरी फांदी, सगळं मी एका गाठोड्यात बांधलं आणि त्याला अडाणीपणा असं नाव देऊन टाकलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं. पालीकडून पाहुणे यायचे होते. लग्नाच्या चार दिवस आधी आमचं मोठं पेव उघडायचं होतं. सकाळी मामानं शिळा सरकवली. पणती सोडली. निम्म्यावर गेली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडली. त्याच जागी विझली. त्यानं फांदी टाकली.

"उद्या सकाळी," तो म्हणाला.

"मामा, लग्नघर आहे. दळायला बायका बसल्यात."

"बसू दे. उद्या बी त्याच बसतील."

तो शेतावर गेला. किसनला जाताना सांगून गेला, "आज न्हाई रं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दुपार झाली. वाड्याच्या पुढच्या छपरात चार जाती मांडून बायका रिकाम्या बसल्या होत्या. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "पाटलाच्या घरी ज्वारीची वाट बघावी लागते होय?" ते मला झोंबलं. मी किसनला हाक मारली. आम्ही दोघंच पेवावर गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. फांदी मी माझ्या हातानं उचलून बाजूला फेकली. अंगठ्याच्या खाली काटा मोडला.

किसन म्हणाला, "काय बे मुन्शी, मामा न्हाई म्हनलाय."

मी बॅटरी पेटवून दोरीला बांधली आणि आत सोडली. ती तळाला ज्वारीवर टेकली. खाली सगळं सोन्यासारखं झळकलं.

"बघ. विझली का?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं डोकं खाजवलं, हसला. "मामाला सांगू नगस बरं का. शिव्या घालीत बसंल." आणि टोपली घेऊन दोराला धरून उतरला.

खाली पोचल्यावर तो वर बघून म्हणाला, "लई ऊब हाय रं हितं." मग टोपली भरायला वाकला. आणि बसला. दमलेला माणूस बांधावर टेकतो तसा बसला. मला वाटलं थट्टा करतोय. "ए किसन, उठ." त्यानं मान वर केली नाही. ती हळूच एका बाजूला कलली. बॅटरी त्याच्या गुडघ्याशी पडली होती आणि तिचा उजेड सरळ त्याच्या तोंडावर होता. डोळे उघडे होते. त्याच्या मिशीवर ज्वारीचा कोंडा मला दिसत होता. सगळं स्वच्छ दिसत होतं. बॅटरी विझली नव्हती.

आता जे लिहितो ते मी साठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मी आधी ओरडलो नाही. मी आधी बॅटरी वर ओढली. दोरी हातात घेतली तसा उजेड त्याच्या तोंडावरून सरकला, भिंतीवरून वर वर आला, आणि खाली किसनच्या जागी काळोख झाला. बॅटरी मी सदऱ्याच्या आत घातली. मग ओरडलो. त्या तेवढ्या वेळात काही होण्यासारखं होतं की नव्हतं, हे मला माहीत नाही. पण मी काय केलं ते मला माहीत आहे.

माणसं धावून आली. एक दांडगा गडी आत उडी टाकायलाच निघाला, तेवढ्यात मामा आला. शेतातून पळत आला होता, पायात वहाण नव्हती. त्यानं त्या गड्याच्या मुस्काटात मारली आणि पेवाच्या तोंडावर आडवा पडला. "कुनी उतरायचं न्हाई! पानी आना! लिंबाचे डहाळे आना!" घागरीमागून घागरी त्यानं आत ओतल्या, पानांचे डहाळे दोरीला बांधून वरखाली, वरखाली करत राहिला, उष्टा श्वास उपसून काढायला. मध्ये मध्ये पणती सोडायचा. विझायची. पुन्हा डहाळे.

आणि अशात किसनची आई आली. तिनं काय पाहिलं? तिचा एकुलता एक पोरगा आत, आणि तिचा सख्खा भाऊ पेवाच्या तोंडावर पाय रोवून उतरणाऱ्यांना ढकलतोय.

"सोड की रं! माझ्या लेकराला काढू दे त्यांना! मुडद्या, सोड!"

तो फक्त म्हणत होता, "अक्का, थांब. अक्का, आनिक एक जीव जाईल." तिनं त्याच्या पाठीवर मुठी मारल्या, त्याचं मुंडासं ओढलं. तो हलला नाही. शेवटी पणती तळाला जाऊन तेवली. मग तो स्वतः उतरला आणि किसनला छातीशी बांधून वर घेऊन आला. किसनचं अंग कोमट होतं. ज्वारीमुळं.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून पोलिसांचा अमीन घोड्यावर आला. लग्नघर, उन्हाचा तडाखा. तो आमच्या ओसरीवर बसून चहा प्याला आणि त्याचा कारकून आला नव्हता म्हणून माझ्याकडं दौत-टाक सरकवून म्हणाला, "तुम उर्दू जानते ना? बयान लिख लाओ." मी चावडीत बसलो. एकेक जण येऊन सांगत गेला. मामा आला. त्यानं सगळं सांगितलं. पणती दोन डाव सोडली, दोन्ही डाव विझली, फांदी टाकली, पोराला आज न्हाई म्हणून शेतावर गेलतो.

तो सांगत गेला एक आणि मी लिहीत गेलो दुसरं. मी लिहिलं की पेव उघडणाऱ्यानं शेतावर जाताना पुन्हा एकदा दिवा सोडला, दिवा तळाशी तेवत राहिला, ते पाहून त्यानं भाच्याला दुपारी उतरायची परवानगी दिली.

"सगळं लिवलंस न्हवं मुन्शी?"

"लिहिलं."

मी त्याचा अंगठा माझ्या हातात धरला, शाई लावली आणि कागदावर दाबला. त्या अंगठ्याला लिंबाच्या पाल्याचा वास येत होता. त्याची वास घ्यायची सवय मला त्या दिवशी पहिल्यांदा जडली.

संध्याकाळी अमीननं चावडीपुढं निकाल सांगितला. दिवा बघूनच माणूस उतरवला होता, दिव्यानं दगा दिला, हा अपघात आहे, कुणाचा गुन्हा नाही. मामा उभा राहिला.

"इझला व्हता सायेब! माझा दिवा इझला व्हता!"

अमीननं कागद वर केला. "ये अंगूठा किसका है?"

मामानं कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. माझे वडील बघत होते. किसनची आई खांबाला टेकून बसली होती, तीही. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय."

मामा खाली बसला. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? आदल्या दिवशी तो पेवावर आडवा पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. आता त्याचं कारण सापडलं. आपली चूक झाकायला पडला होता, असं लोक म्हणाले.

त्या दिवसापासून बहीण त्याच्याशी बोलली नाही. एक शब्द नाही. तो त्याच घरात राहिला, कारण तिच्या शेताला दुसरा पुरुष नव्हता. तिच्यासाठी नांगरत राहिला, पेरत राहिला. ती भाकरी थाळीत वाढून उंबऱ्याशी ठेवायची आणि आत जायची. त्यानं भाकरीचा वास घेणं सोडलं. भाऊबीजेला तो अंघोळ करून, स्वतःच पाट मांडून बसायचा. निरांजन घेऊन कुणी यायचं नाही. बऱ्याच वेळानं उठायचा, पाट भिंतीला टेकवून ठेवायचा आणि बैलांकडं जायचा. दर साली. शेजारणी सांगायच्या, आणि आमच्या घरात ते ऐकून सगळे च्च च्च करायचे. मीही करायचो.

पेवं उघडायला त्याला कुणी बोलवेना. आणि इथंच माझ्या एका खोट्याला पिलं झाली. लोकांनी त्या निकालातून काय घेतलं? दिवा फसवतो. बॅटरी बरी. आसपासच्या गावांत ज्याला जमेल त्यानं बॅटरी आणली. तिसऱ्या साली पलीकडच्या गावात दोघं सख्खे भाऊ एकापाठोपाठ पेवात गुदमरून गेले. बॅटरी खाली पेटतीच होती, असं सांगणाऱ्यानं मला आश्चर्यानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मामाला कळलं तेव्हा तो दोरी आणि पणती घेऊन तिकडं चालत गेला, लोकांना समजवायला. पेवापाशी जमलेल्या पोरांनी त्याला लांबूनच ओळखलं. "आला बे, मामाचा दिवा आला!" हे बोलणं तिथं जन्मलं. ढेकळं मारून त्याला शिवेबाहेर घालवलं. मामा कपाळाला रक्त घेऊन परत आला. मी त्याला वेशीत पाहिलं. बाजूला झालो.

त्यानंतर कधीतरी, एका पोळ्याच्या सकाळी, मी ओढ्यावर एकटाच असताना मामा बैल धुवायला आला. बराच वेळ बैलाच्या पाठीवर पाणी मारत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मुन्शी, एकच सांग. खाली गेला तवा भ्यालता का त्यो?"

म्हणजे याला सगळं माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही. फेकलेली फांदी पाहिली असेल, माझ्या अंगठ्यातला काटा पाहिला असेल.

मी म्हणालो, "नाही. हसतच उतरला. लई ऊब हाय म्हणाला."

त्यानं मान हलवली. "ऊब असतीच. जित्ती हाय न्हवं ती." थोड्या वेळानं म्हणाला, "मला कायबी नगं. गाव काय बी म्हनू दे. तेवढं अक्काला सांगशील? तिच्या एकटीला. मी त्याला उतरवला न्हवता, एवढंच."

"सांगतो," मी म्हणालो.

"आज सांग."

"आज सांगतो."

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. वडील पाटील होते, मग मी पाटील झालो. तिच्या दारापर्यंत तीनदा गेलो. एकदा ती अंगण सारवत होती, तिनं मान वर करून विचारलं, "काय पाटील?" मी म्हणालो, "काही नाही, सहज."

त्या पोळ्यानंतर काही वर्षांनी, एका थंडीत मामा गेला. ताप आला, चार दिवसांत आटोपलं. मी गेलो. त्याला उत्तरेला डोकं करून ठेवला होता आणि उशाशी त्याचीच ती मातीची पणती लावली होती, तारेच्या आकड्यासकट. दारातून वारा येत होता. ज्योत वाकडी होत होती. किसनची आई पुढं सरकली, दोन्ही तळहातांचा आडोसा केला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या बाजूला तोंड करून बोलली. पण बोलली ती त्याच्याशी नाही, पणतीशी.

"आता तरी खरं बोल गं," ती म्हणाली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पणतीला काही बोलता येत नव्हतं. मला येत होतं. मी हात जोडले आणि बाहेर आलो.

ती पुढं अकरा वर्षं जगली. भावानं आपल्या लेकराला मारलं, एवढंच घेऊन गेली.

निजामाचं राज्य गेलं, उर्दू गेली. तो कागद कुठल्या दप्तरात कुजला असेल. पेवं बुजली, त्यांच्यावर घरं उठली. आमच्या मोठ्या पेवावर आता नातवाचा गोठा आहे. सगळं गेलं, आणि राहिलं ते मी जन्माला घातलेलं खोटं, तेही हसत हसत जेवताना बोललं जाणारं.

म्हणून सांगतो, आणि हे माझ्या घरात, त्या पाचसहा गावांत मोठ्यानं वाचून दाखवावं असं लिहून ठेवतो. किसनला पेवात मी उतरवला. खोटं बोलली ती माझी बॅटरी, आणि तिच्यानंतर मी. मामाच्या दिव्यानं कधी कुणाला फसवलं नाही.

मामाचा दिवा विझला होता. दोन्ही वेळा, वेळेवर विझला होता.